ओल्याबरोबर सुकेही!

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ अशी आपल्या भाषेतली एक जुनी म्हण आहे. अपराध्याबरोबर निरपराधही भरडला जातो, हा तिचा अर्थ. गेल्या दीडशे वर्षांत जंगलाविषयी जे कायद्याने ठरवले गेले आणि मराठीत जे लिहिले-शिकवले गेले, त्यात या म्हणीची उलटी आवृत्ती घडली आहे, असे आमचे म्हणणे आहे. ओले झाड तोडणाऱ्यावरचा राग सुकी काटकी वेचणाऱ्या बाईवर निघाला. ठेकेदाराचा ट्रक आणि डोक्यावरची मोळी या दोहोंना आपण एकच शब्द बहाल केला : वृक्षतोड. यावर वनाधिकाऱ्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी बोलावे, मराठीच्या अध्यापकांचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. गफलत आधी शब्दात झाली आहे आणि शब्द हे आमचे कामाचे क्षेत्र आहे.

‘वठलेल्या वृक्षाचे मनोगत’ हा निबंध मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी लिहिलेला असतो. त्याचा साचा ठरलेला. झाड आपल्या तारुण्याची आठवण काढते, पाखरांची, झोपाळ्याची, पांथस्थांची नावे घेते, मग एके दिवशी कुऱ्हाड घेऊन ‘स्वार्थी माणूस’ येतो आणि झाड अश्रू ढाळते. हा स्वार्थी माणूस कोण, त्याच्या घरी चूल कशावर पेटते, हे त्या निबंधात कधीच येत नाही. मेलेल्या झाडाला वाचा देणारी आपली शाळा त्या झाडाखाली वाकलेल्या बाईला मात्र वाचा देत नाही. ‘मोळीवालीचे मनोगत’ हा विषय परीक्षेत आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गंमत अशी, की आंबेगाव-जुन्नरच्या वर्गांत हा निबंध लिहिणाऱ्या कित्येक मुलींना मोळी बांधता येते. त्या घरचे ज्ञान दाराबाहेर ठेवून वर्गात येतात आणि आपल्याच आईला ‘स्वार्थी माणूस’ ठरवणारे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून गुण मिळवतात.

निरगुडसरचेच पाहा. गावाच्या नावात निरगुडी आहे. ओढ्याकाठी, बांधावर माजणारे, पाल्याचा शेक घ्यायला आणि फोकांच्या टोपल्या विणायला उपयोगी पडणारे हे झुडूप. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यातले हे गाव. इथे पश्चिमेसारखे दाट रान नाही. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, डिंभ्याच्या वरची खोरी; पूर्वेला कालव्याचे पाणी आणि ऊस. त्यामुळे ‘जंगलातले सरपण’ म्हणताना एकाच तालुक्यात दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर आणाव्या लागतात. पश्चिमेच्या महादेव कोळी वाड्यांवर ते खरोखर रानातले असते. चैत्र-वैशाखात रानातली वाळकी फांदी खाली यायची, ती पावसाळ्याच्या बेगमीसाठी ओसरीला रचायची, कारण आषाढ-श्रावणात तिथे कोरडी काडी मिळणे मुश्कील. पूर्वेला ते बांधावरच्या बाभळीचे, ओढ्यातल्या वेड्या बाभळीचे, तुरीच्या तुराट्यांचे असते, आणि भूमिहीन बाईला त्यासाठी दुसऱ्याच्या बांधावर जावे लागते. तिथे वनरक्षक नसतो, पण बांधाचा मालक असतो. शिवाय उसात बिबट्या असतो. जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांनी ऊस हेच रान मानले आहे, हे आता कोणाला सांगायला नको.

या कामाची भाषा किती नेमकी आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे. खाली पडलेली काटकी वेचतात. झाडावरच वाळलेली फांदी आकडीने ओढतात. हाताने वाकवली आणि कटकन मोडली तर ती सुकी, नुसतीच लवली तर ओली, म्हणून सोडून द्यायची. ओंडका असेल तर त्याला पाचर मारून फोडतात, ढलप्या वेगळ्या काढतात. मोळी बांधतात, चुंबळीवर घेतात. वेचणे, ओढणे, मोडणे, फोडणे, छाटणे, तोडणे ही सहा क्रियापदे सहा वेगवेगळ्या कृती सांगतात आणि त्यांतल्या शेवटच्या दोहोंतच जिवंत झाडाला घाव बसण्याचा संभव आहे. ‘वृक्षतोड’ या एका सामासिक शब्दाने ही सहाही क्रियापदे गिळली. ज्या समाजाकडे इतका सूक्ष्म शब्दसंग्रह आहे, त्याला झाड आणि जळण यांतला फरक कळत नव्हता, असे मानणे हा निव्वळ अडाणीपणा होय. तो शिकलेल्यांचा आहे.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. लाकूडतोड्या आणि जलदेवता ही इसापाची गोष्ट मराठी मुलांच्या पिढ्यांनी वाचली. सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची कुऱ्हाड. लाकूडतोड्या आपली लोखंडाचीच मागतो आणि प्रामाणिकपणाचे बक्षीस मिळवतो. या गोष्टीत परीक्षा गरिबाची आहे. रान कोणाचे, झाड कोणाचे, हा प्रश्न गोष्ट विचारत नाही, आणि तिने तो विचारावा अशी अपेक्षाही नाही. परंतु मराठीतला लाकूडतोड्या हा शब्द पुल्लिंगी आहे, त्याच्या हाती कुऱ्हाड आहे आणि तो झाड तोडतो. प्रत्यक्षात सरपणाचे काम बहुतांशी बायकांचे, हत्यार असलेच तर कोयता, आणि कृती वेचण्याची. गोष्टीने दिलेले चित्र डोक्यात इतके घट्ट बसले, की मोळी दिसली की आपल्याला कुऱ्हाडच दिसते.

दुसरीकडे ललित निबंधातले रान. तिथे पळस पेटलेला असतो, सावरी फुललेली असते, आणि एखादी मोळीवाली क्षितिजावर रेघेसारखी उमटून जाते. ती चित्राला शोभा आणते, म्हणून तिला प्रवेश. मोळीचे वजन किती, ती कुठे विकली जाणार, वाटेत कोणाला काय द्यावे लागणार, हे त्या गद्याला नको असते. कवितेत वठलेले झाड वांझपणाचे, वार्धक्याचे, एकाकीपणाचे प्रतीक म्हणून उभे असते आणि समीक्षक त्याचा तेवढाच अर्थ लावतो. निसर्गावर प्रेम करणाऱ्या या लेखनाला आमचा विरोध नाही. त्यातून माणूस वजा करून उरलेल्या रानालाच ‘निसर्ग’ म्हणण्याला आहे.

याला मोठा अपवाद जोतीराव फुले यांचा. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८३ मधला ग्रंथ आपण सामाजिक विचारांचा म्हणून शिकवतो, पण तो रानाविषयीचाही ग्रंथ आहे. ज्यांच्याजवळ पुरेशी जमीन नाही अशी कुटुंबे डोंगरदऱ्यांतली फळे, फुले, पाने आणि लाकूडफाटा यांवर मीठमिरचीपुरते कसे मिळवीत, चार जनावरे कशी पाळीत, आणि सरकारने जंगल खाते उभारून डोंगर, दऱ्या, गायराने आत घेतल्यावर त्यांची कशी कोंडी झाली, हे जोतीरावांनी नावनिशीवार लिहिले. मराठीत लाकूडफाट्याचे अर्थशास्त्र मांडणारे हे गद्य. त्यांच्या लेखनानंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासाठी फांद्या छाटण्याचा प्रश्न त्यात प्रमुख होता. म्हणजे जोतीराव लिहीत होते ते एकट्याचे गाऱ्हाणे नव्हते. तरीही हा उतारा ‘पर्यावरण आणि साहित्य’ या विषयाच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतो. तिथे तुकोबांचा वृक्षांना सोयरे मानणारा अभंग हटकून येतो. तुकोबांना नमस्कार, पण त्यांच्याआड जोतीरावांना लपवू नये.

हा प्रश्न मराठीपुरता नाही, हेही सांगायला हवे. इंग्लंडात १२१७ च्या जंगल-सनदेने राजाच्या रानात सामान्य माणसाला काही हक्क परत दिले. वर्ड्‌स्वर्थच्या १७९८ मधल्या एका कवितेत गुडी ब्लेक ही म्हातारी थंडीत कुंपणाच्या काटक्या घेताना हॅरी गिल या धनवान शेतकऱ्याच्या हाती सापडते. तिच्या शापाने त्याला जन्मभराची हुडहुडी भरते. ऱ्हाइन प्रांताच्या सभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर १८४१ मध्ये चर्चा झाली; तिच्याविषयी १८४२ मध्ये तरुण मार्क्सने वृत्तपत्रात लेखमाला लिहून गळून पडलेले लाकूड उचलणे आणि उभे झाड तोडणे यांना एकाच ‘चोरी’ या शब्दात कोंबण्यावर हल्ला चढवला. वर्ड्‌स्वर्थ एम.ए.च्या वर्गात स्वच्छंदतावादासाठी शिकवतात, मार्क्स समीक्षापद्धतीसाठी. दोघांनीही काटक्यांवर लिहिले, हे मात्र राहून जाते. निरगुडसरच्या बांधावर उभ्या असलेल्या बाईसाठी मार्क्सपेक्षा हॅरी गिलच अधिक ओळखीचा असेल.

कायद्याची भाषा ही तर आमच्या मते साहित्याच्या वर्गात वाचण्याची गोष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या व्याख्या पाहा. तिथे ‘झाड’ या संज्ञेत ताड-माड, खुंट, झुडपी लाकूडफाटा आणि वेत यांचा, आणि २०१७ पर्यंत बांबूचाही, समावेश आहे. ‘इमारती लाकूड’ या संज्ञेत पडलेले झाडही येते. म्हणजे कायद्याच्या लेखी खुंट हे झाड, काटक्या हेही झाड आणि वाऱ्याने पडलेले खोड म्हणजे इमारती माल. राखीव वनातून वनोपज हलवणे हा कलम २६ अन्वये अपराध. जिवंत आणि मृत, उभे आणि पडलेले, यांतला भेद ज्या भाषेने जपला होता, तो या व्याख्यांनी पुसला. त्यानंतर ७९ वर्षांनी, २००६ च्या वनहक्क कायद्यात, हाच लाकूडफाटा आणि हेच खुंट ‘गौण वनोपज’ या सदरात आले, गोळा करण्याच्या हक्कासह. एकाच काटकीला एका कायद्याने झाड म्हटले, दुसऱ्याने वनोपज. शब्दाची व्याख्या बदलली आणि तीच बाई अपराध्याची हक्कदार झाली. शब्दार्थाचे याहून मोलाचे उदाहरण भाषाविज्ञानाच्या पुस्तकात सापडेल काय? आणि तरी हा हक्क सर्वांना नाही. तो अनुसूचित जमातींना आणि तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींना आहे. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगार बाईला तो लागू नाही, बांधावरच्या भूमिहीन बाईलाही नाही.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि त्याला बगल देणे आम्हांला मान्य नाही. मेलेले झाड मेलेले नसते, असे जीवशास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. सुतार, तांबट, धनेश, घुबड यांची ढोलीतली घरे बहुधा वाळक्या, पोकळ झालेल्या लाकडात असतात. भुंगेरे, वाळवी, बुरशी यांचे जग कुजणाऱ्या खोडावर उभे असते आणि त्यातूनच मातीला कस मिळतो. पावसाळ्यात भीमाशंकर-आहुपे परिसरातल्या कुजक्या लाकडावर रात्री मंद हिरवट प्रकाश देणारी बुरशी दिसते, ती याच जगाचा भाग. भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झाले. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी गोदावर्मन खटल्यात राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट, मरू घातलेली वा वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड आणि गवत हलवण्याचे आदेश देण्यास राज्यांना मनाई केली. या आदेशामागचा विचार आम्ही चूक मानत नाही. आणखीही एक कबुली द्यायला हवी : साल काढून झाड मुद्दाम वाळवायचे आणि मग ‘वाळके होते’ म्हणून न्यायचे, ही लबाडी रानात चालते.

पण या युक्तिवादाने काय सिद्ध होते? एवढेच, की काही मेलेली झाडे ठेवली पाहिजेत. हे डोंगरातल्या माणसाला न्यायालयाने सांगावे लागले नाही. देवराईतले पडलेले लाकूडही उचलायचे नाही, हा दंडक सह्याद्रीत अनेक ठिकाणी पाळला जाई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यात ही गोष्ट नोंदलेली आहे. आहुप्याची देवराई याच आंबेगाव तालुक्यातली. म्हणजे गावाने रानाचे दोन भाग केले होते. एका भागातले सुके लाकूड देवाचे, दुसऱ्या भागातले चुलीचे. पहिल्यात सुतार पक्षी आणि बुरशी, दुसऱ्यात सरपण. ही विभागणी कोणत्याही अधिसूचनेहून अधिक शहाणी होती, कारण तिने गरजेला जागा दिली आणि मर्यादाही घातली. सरकारी मनाईत जागा नाही, म्हणून मर्यादाही टिकत नाही. जे सगळेच चोरी ठरते, त्यात ओले काय अन् सुके काय! साल काढण्याची लबाडी उगवते ती याच मातीत.

आणि रानाचा नाश मोजायचा तर सगळीकडे एकच माप लावा. डिंभे धरणाच्या पाण्याखाली पश्चिमेची गावे गेली, त्यांच्या शेतीबरोबर झाडेही गेली. त्याला कोणी वृक्षतोड म्हणत नाही, विकास म्हणतात. त्या पाण्यावर पूर्वेला ऊस आला. साखर कारखान्यात उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, तिला हरित ऊर्जा म्हणतात. शेजारच्या कोपीत तीन दगडांवर वाळकी बाभूळ जळते, तिला प्रदूषण म्हणतात. पुणे-नाशिक महामार्गावर ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्यांपुढे मोटारी उभ्या राहतात. तिथे चूल ही चव आहे. मोळी आणणाऱ्या बाईच्या घरी ती मागासलेपणा आहे. होळीला पोरांनी लाकडे-गोवऱ्या पळवल्या तर गाव हसते, तो सणाचा भाग. सरणाला लागणारे लाकूड वखारीतून येते, त्यावर कोणी ब्र काढत नाही. सरण चालते, सरपण चालत नाही!

यावर उत्तर तयार असते : आता गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. आम्ही या योजनेची टवाळी करणार नाही. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे जातात. घरगुती धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीचे गोडवे गाणाऱ्याने आधी तासभर फुंकणी हातात धरावी. परंतु २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातली ६२.५ टक्के घरे लाकडावर स्वयंपाक करीत होती. इतक्या घरांची सवय आणि गरज टाकीच्या एका फेऱ्यात संपत नाही. पहिली टाकी येते, ती संपल्यावर दुसरीचे पैसे रोख लागतात. काटकीला फक्त कष्ट लागतात. म्हणून गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि चूल भाकरीला, अशी वाटणी घराघरांत झालेली दिसते. धूर जावा, हे आमचेही म्हणणे आहे. पण जोवर तो जात नाही, तोवर धुरात बसणाऱ्या बाईला चोर म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

जनाबाईची एक गोष्ट सांगतात. कबीर तिच्या भेटीला आले, तेव्हा ती गोवऱ्यांवरून शेजारणीशी भांडत होती. संताने गोवऱ्यांसाठी भांडावे याचे त्यांना नवल वाटले. मग ज्या गोवऱ्यांना कान लावला असता विठ्ठलाचे नाव ऐकू येते त्या जनीच्या, असा निवाडा झाला. कीर्तनकार या कथेतला चमत्कार रंगवतात. आम्हांला तिच्यातले भांडण महत्त्वाचे वाटते. जळणासाठी भांडावे लागणे हे जनीच्या भक्तीत उणे नव्हते. तिच्या परंपरेने ते भांडण लपवले नाही, सांगितले. आपण मात्र निसर्गाची गोडी शिकवताना जळणाचे भांडण झाकून ठेवतो.

तेव्हा मराठीच्या अध्यापकांपुढे आमचे मागणे मोठे नाही. ‘वृक्षतोड’ हा शब्द उत्तरपत्रिकेत आला की समासात एक प्रश्न लिहावा : कोणी तोडले, ओले की सुके, कशासाठी? वठलेल्या झाडाच्या मनोगताबरोबर मोळीवालीचे मनोगतही विषय म्हणून द्यावे. विद्यार्थ्यांकडून सरपणाचे शब्द गोळा करून घ्यावेत. आकडी, चुंबळ, पाचर, ढलपी, तुराट्या, हुडवा ही संपत्ती आणखी एका पिढीनंतर कोशातही नीट सापडणार नाही. ‘असूड’मधला लाकूडफाट्याचा भाग आणि १९२७ व २००६ च्या कायद्यांतल्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. ग्रामसभेने काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र उभी वाळकी ढोलीची झाडे ठेवायची आणि खाली पडलेला फाटा न्यायचा, एवढा साधा नियम गावातली कोणतीही म्हातारी सांगेल, आणि तो पाळण्याची रीतही तिला ठाऊक असेल. तिला विचारले पाहिजे.

ओले आणि सुके यांतला फरक मोळी बांधणाऱ्या बाईला हात लावताच कळतो. तो कळण्यासाठी आपल्याला एक आयोग, दोन कायदे आणि न्यायालयाचा एक आदेश लागला, आणि अजूनही तो आपल्या निबंधांत उतरलेला नाही.